चौकोनी शहराचं वाटोळं

जपानमध्ये तेराशे वर्षांपूर्वी एक राजधानी आखून वसवली. आधी रस्ते, मग माणसं. त्या शहराचं नाव हेइजो-क्यो. आजचं नारा गाव आहे ना, तिथेच ते होतं. फूटपट्टी लावून मारलेले आडवे-उभे रस्ते आणि मधे सारखे चौकोन. ह्या शहरावर पुढे देवीची साथ आली. एक राजा ते सोडून पाच वर्षं भलतीकडेच फिरत राहिला आणि परत आला. वसवल्यापासून सत्तरएक वर्षांनी दुसऱ्या राजाने ते कायमचं सोडलं आणि राजवाड्याच्या जागी भात पिकू लागला. पण एवढं सगळं सोसूनही त्याच्या दिशा जागच्या जागी होत्या. त्या बदलायचं काम गेल्या वर्षी पुण्यात बसून मी केलं. चौकोनी शहराचं वाटोळं करणं सोपं नसतं, तुम्हाला जमलं, असं माझी बायको त्यावर म्हणाली.

मी निवृत्त दुभाष्या आहे. दुभाष्या म्हटलं की लोकांना वाटतं, मंत्र्यांच्या मधे उभा राहणारा कोणी. मी मशीनच्या मधे उभा राहायचो. एका कारखान्यात जपानहून यंत्रं यायची, त्यांच्यासोबत जाडजूड पुस्तकं यायची, आणि 'हे झाकण उघडे ठेवून यंत्र सुरू करू नये' अशी वाक्यं मी तीस वर्षं मराठीत करत होतो. कामगार ती वाचत नसत आणि झाकण उघडं ठेवूनच यंत्र सुरू करत. तरी मला जपानी येतं याचा गर्व होता. पुण्यात त्या गर्वाला फारसा अर्थ नाही. इथे दर दुसऱ्या इमारतीत जपानीची कुठली तरी परीक्षा पास झालेला एक जण असतोच, आणि तो तुमच्यापेक्षा वरची पास झालेला असतो.

जपानी मला शिकवलं बाईंनी. संध्याकाळी एका शाळेत वर्ग भरायचा. बाक दुसरीतल्या मुलांचे, त्यामुळे आमचे गुडघे हनुवटीला लागायचे. पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत त्यांना 'सेन्सेइ' अशी हाक मारली. त्या म्हणाल्या, "सेन्सेइ म्हणजे बाईच. तेव्हा बाई म्हणा, जिभेला सोपं पडेल." त्या दिवसापासून त्या आमच्या सगळ्यांच्या बाई.

भाषा शिकवताना त्या मधेच ती जुनी राजधानी शिकवायच्या, कारण तिच्यावर त्यांचा जीव होता. फळा उत्तरेच्या भिंतीवर होता. त्याच्याखाली खुर्ची ठेवून त्या बसायच्या आणि सांगायच्या, मी राजा, माझं तोंड दक्षिणेला. बाकांच्या मधली मोकळी वाट म्हणजे राजधानीचा मोठा रस्ता. माझ्या डाव्या हाताचे बाक ते डावं शहर, साक्यो. उजव्या हाताचे ते उजवं शहर, उक्यो. आमची तोंडं त्यांच्याकडे, म्हणून आमच्या हिशेबाने सगळं उलटं व्हायचं. त्यामुळे नकाशात डावं शहर उजवीकडे, म्हणजे पूर्वेला दिसतं, आणि उजवं डावीकडे, पश्चिमेला. मग त्या प्रत्येकाला आपापला पत्ता विचारायच्या. "उजवं शहर, दुसरी ओळ, तिसरा चौकोन," असं मी सांगायचो. 'मारुतीसमोरच्या बोळातून आत या आणि कोणालाही विचारा' हाच ज्यांचा पत्ता, त्या आम्हा पुणेकरांना कोणालाही न विचारता घर सापडतं ही कल्पनाच जरा उद्धट वाटायची.

हे सगळं मुद्दाम सांगितलं. डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे मला माहीत नव्हतं, असं कोणी म्हणू नये. मला पक्कं माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी बाईंचे डोळे गेले. पूर्ण नाही, फक्त मधलं दिसेनासं झालं. "समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कान तेवढे दिसतात," असं त्या सांगायच्या. तोवर त्या एकट्या राहत होत्या. मग भाचीकडे कात्रजला राहायला गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला एक वही दिली. ह्या राजधानीचा इतिहास त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी लिहून काढला होता. डोळे जात असतानाच लिहिलेला, त्यामुळे शेवटच्या पानांवर एका ओळीत चारच शब्द मावले होते. चाळीस वर्षं शिकवलं, पण त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं.

"एवढं छापून आणा," त्या म्हणाल्या. "मला वाचता यायचं नाही. पण तुम्ही वाचून दाखवा. आपण लिहिलेलं पुस्तक ऐकायला कसं लागतं, ते एकदा ऐकायचंय. आणि हो, भाषा जरा बघा."

'भाषा जरा बघा' म्हणजे कुठे वेलांटी राहिली असेल तर द्या. कोणालाही हाच अर्थ कळला असता. पण तीस वर्षं झाकणांबद्दल लिहिलेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदाच एक राजा आला होता.

बाईंनी एके ठिकाणी लिहिलं होतं: 'राजा उत्तरेला बसायचा. तोंड दक्षिणेला. त्याच्या डाव्या हाताला डावं शहर, उजव्या हाताला उजवं. मधे मोठा रस्ता. रस्त्याच्या टोकाला वाडा.' मला ते फारच बाळबोध वाटलं. मुलांसाठीचं पुस्तक बाळबोध असायला हरकत नाही, हे मला सुचलं नाही. शिवाय 'डावं शहर' म्हटल्यावर लोकांना लाल झेंडा आठवेल, अशी एक विद्वान शंकाही मला आली. मी लिहिलं: 'सम्राट दक्षिणाभिमुख आसनस्थ होत असे. भव्य राजमार्गाच्या दोहों बाजूंस वामनगर व दक्षिणनगर वसलेली असून मार्गाच्या शिरोभागी राजप्रासाद विराजमान होता.' वाम म्हणजे डावं, दक्षिण म्हणजे उजवं. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा हात, म्हणून तर देवाला उजव्या हाताला ठेवून घालतात ती प्रदक्षिणा. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दुकानाच्या उद्घाटनाला बोलावल्यासारखं वाटतंय." तिला भाषेची जाण नाही, असं मी मनात म्हटलं आणि उरलेली सगळी वही अशीच 'बघितली'.

वहीत बाईंनी काढलेला एक नकाशा होता, पण डोळे अधू असताना काढलेला, रेघा हललेल्या. मी तो बाजूला ठेवला आणि माझं शुद्ध हस्तलिखित कारखान्यातल्या एका जुन्या ड्राफ्ट्समनकडे दिलं. अतिशय काटेकोर माणूस. जे लिहिलंय तेच काढणार, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. म्हटलं, हे वाचून नकाशा करा.

त्यांचा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात अळूची जुडी, आणि अळू घशाला खाजेल की नाही यावर अळूवालीशी चर्चा चाललेली. "अहो," ते म्हणाले, "हे दक्षिणनगर दक्षिणेलाच घ्यायचं ना?"

आता पुण्यात वाढलेल्या माणसाला असा प्रश्न आला की उत्तर देण्याआधी टोमणा तयार होतो. उत्तर बरोबर आहे का, हे टोमणा मारून झाल्यावर बघायचं असतं, आणि ते बऱ्याचदा राहून जातं. मी म्हटलं, "नाव दक्षिणनगर आहे ना साहेब? मग काय उत्तरेला घेणार?"

"बरं," ते म्हणाले. "आणि वामनगर?"

"जी बाजू उरेल तिथे."

त्यांनी फोन ठेवला. मी अळूवालीकडे बघून हसलो, काय एकेक लोक असतात अशा अर्थाने. दक्षिण म्हणजे उजवं, हा अर्थ मीच हौसेने घातलेला. पण बोलताना मलाही दक्षिण म्हणजे दक्षिणच आठवली, कारण शुद्धीवर असलेल्या प्रत्येक मराठी माणसाला तीच आठवते. त्यांनी विचारलं नसतं तर निदान सगळा दोष त्यांच्यावर ढकलता आला असता.

मुद्रितं मी चार वेळा तपासली. चौदा वेलांट्या दुरुस्त केल्या. 'मूर्तिकार' या शब्दावरून छापणाऱ्याशी भांडलो आणि जिंकलो. नकाशात वेलांट्या नव्हत्या, म्हणून तिकडे पाहिलं नाही.

पुस्तकाचं प्रकाशन एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत झालं. पंचवीसएक माणसं आली होती, बहुतेक बाईंचे जुने विद्यार्थी. जिना चढणं झेपत नाही म्हणून बाई आल्या नव्हत्या. मला दहा मिनिटं दिली होती, मी चाळीस बोललो. आपण भाषेला कसं वळण दिलं, यावरच त्यातली निम्मी गेली. शेवटी कोणाला काही विचारायचंय का, असं मी विचारलं. असं विचारलं की कोणी काही विचारत नाही, असा माझा अनुभव होता.

बाईंच्या शेवटच्या वर्गातला एक जण उभा राहिला. मूळचा नागपूरकडचा, इथे संगणकाच्या कंपनीत, कामासाठी दोन वर्षं जपानमध्ये राहून आलेला. "सर, एक विचारू का जी?" तो म्हणाला. "मी तिथे जाऊन आलो आहे. राजाचा वाडा उत्तरेला आहे न, अन् मोठा रस्ता उभा जाते, खाली दक्षिणेकडे. इथे नकाशात वाडा पश्चिमेला दिसून राहिला, अन् रस्ता आडवा. माझंच चुकत असन."

मी नकाशा पाहिला. पहिल्यांदाच. ड्राफ्ट्समन बिचारे शब्दाला जागले होते. दक्षिणनगर दक्षिणेला, म्हणून वामनगर उत्तरेला. रस्ता दोघांच्या मधून जातो, म्हणजे तो पूर्व-पश्चिमच हवा. वाडा रस्त्याच्या शिरोभागी, म्हणून रेघ जिथून सुरू होते त्या पश्चिमेच्या टोकाला. आणि सम्राट दक्षिणाभिमुख, हेही त्यांनी एक छोटा बाण काढून दाखवलं होतं. राजधानी जमिनीवरून उचलून पाव फेरा फिरवून ठेवली होती.

"नकाशा प्रतीकात्मक आहे," मी म्हणालो.

मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "म्हणजे राजा रस्त्याकडे खांदा करून बसायचा होय? पुण्यातला दुकानदार असेल."

सगळे हसले. मीही हसलो, कारण तोंडाला दुसरं काही करता येत नव्हतं. घरी येईपर्यंत मात्र कानशिलं गरम होती. लोक हसले त्याचं फारसं नव्हतं. बाईंचं एकच पुस्तक, त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि ते मी घालवलं, हे मला रस्ताभर कळत होतं. खरं म्हणजे ते मला वही 'बघताना'च कळायला हवं होतं.

आता त्यांना सांगायचं कसं? स्वारगेटहून कात्रजची बस पकडली, कात्रजला उतरलो, समोर चहा घेतला आणि तिथूनच परतीच्या बसमध्ये बसलो. बायकोला सांगितलं, बाई झोपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सर्पोद्यानापर्यंत चालत गेलो, तिकीट काढून साप बघितले आणि परत आलो. बाई पुन्हा झोपल्या होत्या. "बऱ्या आहेत ना त्या?" बायकोने विचारलं.

तिसऱ्या दिवशी बसमध्येच एक विचार आला. नकाशा ऐकता येत नाही. मी पुस्तक वाचून दाखवणार, बाई ऐकणार, आणि पान बारा आलं की पान तेरा वाचायचं. भाची सकाळीच कामावर जाते, ती काही नकाशे बघत बसणार नाही. बाईंना कधीही कळणार नाही. हा विचार मला इतका आवडला की मी ठरल्या थांब्यावर उतरलो आणि थेट त्यांच्या दाराशी गेलो.

बाईंनी चांगली साडी नेसली होती. पुस्तक ऐकायचं म्हणून नेसली होती, हे मला बसल्यावर कळलं. त्यांनी आधी ते हातात घेतलं, वास घेतला, पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मला परत दिलं. "वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचायला लागलो. बाई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या, लोक कीर्तनात संस्कृत श्लोक सुरू झाला की बसतात तशा. दोन पानं झाली. त्यांनी हळूच विचारलं, "सम्राट म्हणजे आपला राजाच ना?"

"हो," मी म्हटलं.

"नाही, मला वाटलं कोणी नवीन आला."

त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. मला पुढचं वाक्य वाचवेना. वही मी इतक्या वेळा खोडली होती की ती मला पाठ झाली होती. मी पुस्तक तसंच धरून त्यांची वाक्यं म्हणायला लागलो. राजा कंटाळला आणि घर बदलायला निघाला. पाच वर्षांत तीन घरं बदलली. शेवटी परत जुन्या घरी आला, तोवर छपरं गळायला लागली होती. बाईंचा चेहरा बदलला. त्या ओठ हलवून बरोबर म्हणू लागल्या. मीही रंगात आलो. चांगली पाच-सात मिनिटं बाईंचं पुस्तक त्या खोलीत होतं.

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही बराच वेळ पान उलटलं नाहीत."

मी घाईने एक पान उलटलं.

"छापलंय काय, ते वाचा. रस्त्याचं वाचा."

मी वामनगर आणि दक्षिणनगर वाचलं, शिरोभागासकट. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. नंतर म्हणाल्या, "नकाशात दक्षिणनगर दक्षिणेला गेलं असेल."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुम्ही कुठे घसरता हे वर्गात असल्यापासून माहीत आहे मला. तुम्हाला उत्तर येत असायचं, पण ते साधं वाटायचं, म्हणून तुम्ही दुसरं द्यायचात."

मग मी सगळं सांगितलं. मंडई, अळू, ड्राफ्ट्समन, चौदा वेलांट्या, बस, साप. सापांना त्या हसल्या. बाकीच्याला नाही. सगळ्या प्रती रद्दीत घालतो, वहीत होतं तसं परत छापतो, असं मी म्हणालो. म्हणताना मला रडू येत होतं आणि ते आवाजात आलं.

"परत छापेपर्यंत मी असेन की नाही, काय सांगावं," त्या म्हणाल्या. "त्या शहरातले कारकून लाकडाच्या पट्टीवर लिहायचे. चुकलं की चाकूने तासायचे आणि त्यावरच पुन्हा लिहायचे. पट्टी टाकून नाही द्यायचे. तुम्ही एक चिठ्ठी लावा. घ्या लिहून."

मी पेन काढलं. बाई एकेक वाक्य सांगत गेल्या.

'बाराव्या पानावरचा नकाशा चुकला आहे. तो बघू नका. राजाचा वाडा उत्तरेला होता. मोठा रस्ता तिथून सरळ दक्षिणेला जायचा. रस्त्याच्या पूर्वेला डावं शहर, पश्चिमेला उजवं. ही नावं राजाच्या हातांवरून पडली आहेत, आपल्या नाही. आता पुस्तक मिटा आणि कागदावर हे शहर तुम्ही स्वतः काढा.'

"शेवटी 'चुकीबद्दल दिलगीर आहोत' असं घालू का?" मी विचारलं. "पद्धत असते."

"दिलगीर तुम्ही आहात. मला सांगितलंत, तेवढं पुरे. मुलांना कशाला?" मग त्या म्हणाल्या, "चिठ्ठीखाली माझं नाव घाला."

"पुस्तकावर आहे की बाई. वर, मोठ्या अक्षरात."

"ते असू दे. चिठ्ठीखालीही घाला. तेवढं मी लिहिलेलं आहे."

पुढच्या आठवड्यात सगळ्या प्रतींमध्ये चिठ्ठ्या चिकटवून झाल्यावर मी एक प्रत घेऊन गेलो. बाईंनी पानावर बोट फिरवलं, चिठ्ठीची कड सापडली तिथे थांबवलं आणि म्हणाल्या, "इथून वाचा." मी वाचली. खाली त्यांचं नाव होतं, तेही वाचलं. वाचायला पाऊण मिनिटसुद्धा लागलं नाही.

"संपलं?"

"संपलं."

त्यांनी पदर सारखा केला आणि खुर्चीत नीट बसल्या. "मग परत एकदा वाचा," त्या म्हणाल्या.